भाऊ चहाला गेल्यावर

मी खाली सही करणारी, श्रीमती मथुरा सुखदेव मुनेश्वर, माहेरची मथुरा गोविंदा नगराळे, वय वर्षे ७०, निवृत्त तलाठी, राहणार लोहारा, यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या पेनाने लिहून ठेवते. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही, धाकदपटशाने लिहीत नाही. स्वतःच्या हट्टाने लिहिते आहे.

माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. तो कोणाला पुरेसा वाटला नाही, तर खाली घराच्या आणि शेताच्या चतुःसीमा पाहाव्या. त्या मी कागद न उघडता लिहिल्या आहेत. गुडघे गेले, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण हिशेबी मेंदू शाबूत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी जुना कागद काढून दाखवला तर तो खोटा समजावा आणि दाखवणाऱ्याला पाणीसुद्धा विचारू नये.

माझ्यामागे माणसं अशी. मुलगा धम्मरत्न, वय ४४, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला आणि सुट्टीच्या दिवशी शेतात. त्याची बायको ममता. त्यांची मुलगी उत्पला, वय ११. आणि माझी मुलगी मैत्रेयी, वय ४१, पांढरकवड्याला सरकारी वकील. माझे पती सुखदेव, एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, ते २०१७ साली वारले. ते असते तर म्हणाले असते, "मथुरे, एवढा मोठा कागद कायले? तोंडानं सांग ना." तोंडानं सांगितलेलं कोण ऐकतं ते मी बत्तीस वर्षं तलाठ्याच्या खुर्चीवर बसून पाहिलं आहे.

हा कागद करायचं कारण एकच, ते आधीच सांगते. मागच्या दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सुट्टी म्हणून, सगळे घरी जमले होते. पाटोडीची भाजी होती. धम्मरत्न शेतात पाइपलाइन टाकायचं बोलत होता. बँकेचं कर्ज काढतो म्हणाला, पण जमीन पुढं कोणाच्या नावावर होणार हे बँक विचारेल. तर मैत्रेयी पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "दादा, तू चिंता नको करू. आईच्या मागं मी सही करून देईन. मले काय करायचं वावर?"

मी हातातला घास ताटात ठेवला. कारण त्याच आठवड्यात ही पोरगी झरी जामणीच्या एका पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, सरकारी शिबिराला गेली होती. चाळीस बायांना समोर बसवून तिने सांगितलं होतं की बापाच्या जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, मायबहिणींनो, हक्क सोडू नका. पेपरात फोटो आला होता, मी तो कापून ठेवला होता.

मी म्हटलं, "काहून वं? त्या बायांना एक कायदा अन् तुले दुसरा?"

"आई, कायदा मले नको शिकवू," ती म्हणाली. "भाऊ एकच आहे. त्याच्याशी वाकडं घेऊन मी जाऊ कुठं?"

धम्मरत्नने पाटोडी परत वाढून घेतली. ममताने त्याच्याकडे पाहिलं, मी ममताकडे पाहिलं, आणि जेवण संपलं. तेव्हापासून माझी झोप उडाली. मी गेल्यावर माझी वकील मुलगी एका सहीत स्वतःला खोडून टाकणार, हे डोळ्यांसमोर दिसत असताना मला सुखाने मरता येणार नाही. बाकी सगळं आयुष्य चांगलं गेलं आहे. एवढीच एक गाठ आहे, ती सोडवून जायची आहे.

कलम पहिले. घर. मौजे लोहारा येथील प्लॉट नंबर ३७ वरील चार खोल्यांचे घर, मी व माझ्या पतीने १९९९ साली बांधलेले. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस मोकळी जागा, पश्चिमेस बोळ, उत्तरेस शेजाऱ्याची भिंत. ही भिंत आमच्या जागेत नऊ इंच आत आहे. शेजारी भला माणूस आहे, त्याची बायको मला दर आठवड्याला कढीपत्ता आणून देते, म्हणून मी कधी बोलले नाही. पण नऊ इंच ते नऊ इंच, तेव्हा इथे नोंद करून ठेवते.

हे घर धम्मरत्न व मैत्रेयी यांना समसमान देत आहे. त्यातील रस्त्याच्या बाजूची खोली, जिला स्वतंत्र दार आहे, ती मैत्रेयीची. त्या दाराच्या कुलपाची किल्ली मी तिच्या पर्समध्ये टाकली आहे. यायच्या आधी तिने कोणाला विचारायचं नाही, कोणी बोलावण्याची वाट पाहायची नाही. चहा मात्र ममताकडे जाऊन प्यावा, ती आलं भरपूर घालते.

कलम दुसरे. शेत. बाभुळगाव तालुक्यातील मौजे मोहदरी, गट नंबर ११८, क्षेत्र पाच एकर. पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण रस्ता, उत्तरेस गट ११७, दक्षिणेस गट १२१. हे मी निवृत्त झाल्यावर माझ्या पैशाने घेतलं. वडिलोपार्जित नाही. कोणाचा त्यावर जन्मापासूनचा हक्क नाही. देणारी मी, आणि कसं द्यायचं तेही मीच ठरवणार.

पूर्वेकडचे अडीच एकर, विहिरीसह, धम्मरत्नला. पश्चिमेकडचे अडीच एकर, रस्त्याला लागून, मैत्रेयीला. विहीर त्याच्या बाजूला असली तरी पाणी दोघांचं. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चिंचेचं झाड आहे ते दोघांचं, चिंचा उत्पलाच्या. माझ्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर दोघांचीही नावं कब्जेदार सदरी लावावी. कब्जेदार सदरी. मैत्रेयीचं नाव इतर हक्कात टाकलेलं मला चालणार नाही.

आता हा फरक काय, ते जे तलाठी नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. सातबाऱ्यावर मालकाचं नाव ज्या रकान्यात असतं तो कब्जेदाराचा. बाजूला आणखी एक रकाना असतो, इतर हक्क. तिथे बँकेचा बोजा, शेजाऱ्याची वाट, विहिरीचं पाणी असं काहीबाही लिहितात. बाप मेला की मुलांची नावं कब्जेदारात आणि मुलींची नावं इतर हक्कात, बँकेच्या बोजाशेजारी, अशी आमच्याकडे रीत होती. कायद्यात असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. मला १९८१ साली नोकरी लागली तेव्हा एका वयस्कर साहेबांनी शिकवलं, "मुली लग्न करून जातात, त्यांचं नाव तिकडं टाकायचं." मीही टाकत गेले. तालुक्यातली पहिली बाई तलाठी. गावात गेले की लोक आधी माझ्या मागे बघायचे, साहेब कुठं राहिले म्हणून. आणि त्या बाई तलाठ्याने पंधरा वर्षं आपल्याच हाताने किती बहिणींना बोजाच्या रकान्यात बसवलं, हे मला मोजवत नाही.

त्यातली एक रुपीबाई राठोड. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची. तिचा बाप वारला तेव्हा तिची नोंद १९८६ साली मीच घेतली: भाऊ कब्जेदार, रुपीबाई इतर हक्कात. १९९५ च्या कापूस वेचणीत ती माझ्या ऑफिसात आली. डोक्यावर फडकं, कमरेला वेचणीची ओटी तशीच. भावाने सगळं वावर विकायला काढून इसारही घेतला होता. घेणाऱ्याने सातबारा पाहिला, कब्जेदार एकच, मग बहिणीला कोण विचारतो? ती टेबलाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "याडी, तू बी बाईच ना वं? मंग माह्यं नाव कोपऱ्यात काहून टाकलं?"

याडी म्हणजे आई. माझ्याहून ती दोनच वर्षांनी लहान, पण तिने आई म्हटलं आणि मला तोंड वर करवेना. मी तिला सांगू शकले असते की अशीच पद्धत आहे. मी सांगितलं नाही.

मी वर लेखी कळवलं की ही नोंद चुकीची आहे आणि ती माझ्या हातची आहे. नोकरीत स्वतःची चूक स्वतः कळवणं म्हणजे काय, हे नोकरी केलेल्याला विचारा. कारणे दाखवा नोटीस आली, एक वेतनवाढ थांबली, सहकारी म्हणाले मुनेश्वरबाईला वेड लागलं. रुपीबाईने अपील केलं. त्याच सुमारास उपविभागीय अधिकारी म्हणून एक तरुण बाई आल्या होत्या, सत्तावीस-अठ्ठावीसच्या. सुनावणीत त्यांनी दप्तर उघडलं, नोंदीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

मी म्हटलं, "माझंच."

"मग दुरुस्तीही तुमच्याच अक्षरात होऊ द्या," त्या म्हणाल्या. एवढंच. ओरडल्या नाहीत, भाषण दिलं नाही. व्यवहार थांबला, रुपीबाई कब्जेदारात आली, आणि मी त्या दिवशी घरी येऊन सुखदेवरावांना तिखट मटण करायला लावलं. त्यांना स्वयंपाक माझ्यापेक्षा चांगला यायचा, हेही नोंदवून ठेवते.

त्यानंतर मी एक पद्धत लावून घेतली. बाप वारला की आमच्याकडे बहिणी हक्कसोड करतात. म्हणजे आपला हिस्सा भावाला सोडला असं लिहून देतात, आणि भाऊ बदल्यात साडी-चोळी करतो. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं, असं सगळे धरून चालतात. कागद रजिस्ट्री ऑफिसात होतो, पण त्याआधी वारसांच्या नोंदीसाठी सगळी भावंडं माझ्याकडेच यायची. आली की मी भावांना म्हणायचे, "जा, तुम्ही चहा पिऊन या." भाऊ गेला की दार लोटून बहिणीला तीन प्रश्न. पहिला: तुझा हिस्सा किती होतो, ठाऊक आहे का? दुसरा: सही करायची हे कोणी ठरवलं? आणि तिसरा: भावाला राग येणार नाही अशी खात्री दिली, तर सही करशील का?

लोकांनी त्याला नाव ठेवलं, मथुराबाईचा चहा. आजही त्या भागात बहीण-भावाचं वाटणीवरून वाजलं तर म्हातारी माणसं विचारतात, "चहा झाला का?" टपरीवाल्याचा धंदा माझ्यामुळे वाढला, पण मला त्याने एकदाही फुकट पाजला नाही. असो.

तिसऱ्या प्रश्नाला "हो, तरीही करीन" म्हणणाऱ्या बहिणी सतरा वर्षांत मला दोनच भेटल्या. एक खरोखर श्रीमंत होती आणि दुसरीचा भाऊ खरोखर गरीब होता. बाकी सगळ्या गप्प व्हायच्या, नाहीतर रडायच्या, नाहीतर हळूच "नाही" म्हणायच्या. "नाही" म्हणूनही पुढं जाऊन सही केलेल्या पुष्कळ होत्या. त्यांना अडवायचा मला अधिकार नव्हता.

कलम तिसरे. साडी. माझ्या लोखंडी पेटीत तळाशी एक जांभळी साडी आहे, काठाला जर, घडी कधी मोडलेली नाही. ती मैत्रेयीला देत आहे. पण ती कुठून आली ते वाचून मग घ्यावी.

माझे वडील गोविंदा नगराळे १९८५ साली वारले. मी तेव्हा चार वर्षांची जुनी तलाठी होते. दुसऱ्यांचे हक्क लिहायचे, आणि माझा थोरला भाऊ घनश्याम याने कागद पुढे केला तेव्हा मी म्हटलं, "दादा, तू चिंता नको करू. मले काय करायचं वावर?" हेच शब्द, मैत्रेयी, पाटोडीच्या ताटावर तू म्हणालीस तेच. मी सही केली. दादाने ही साडी दिली, वहिनीने कुंकू लावून ओटी भरली, मी रडले आणि सगळे म्हणाले पोरगी गुणाची आहे. चार वर्षं माहेरपण चांगलं झालं. पाचव्या वर्षी वहिनी म्हणाली, यंदा घरात अडचण आहे. सहाव्या वर्षी कोणी काही म्हणालं नाही, आणि मी गेले नाही. मैत्रेयी, जे माहेर राखायला मी सही केली, ते सहीनेही राहिलं नाही, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. हजार बायांना तिसरा प्रश्न विचारणाऱ्या बाईला स्वतःला तो कोणी विचारला नव्हता, आणि तिनेही स्वतःला विचारला नव्हता.

म्हणून ही साडी. सही केल्यावर भावाने द्यायची ती साडी तुला आईने आधीच दिली. आता सहीचं काही कारण उरलं नाही. आणि नेस बाई, नुसती ठेवू नकोस. चाळीस वर्षांची आहे, पण कापड चांगलं आहे.

कलम चौथे. माझा थोरला भाऊ घनश्याम गोविंदा नगराळे, वय ७५, यास मी माफ केले आहे, असं लिहिणार होते. माझी वकील अस्मा शेख म्हणाली, "मावशी, माफी काही मालमत्ता नाही, ती कलमात कशी घालायची?" तरी घातली. शिवाय दादाला माझा आधाराचा चारपायी वॉकर द्यावा. त्याचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत आणि विकत घेण्यात तो आधीपासून चिकट आहे.

कलम पाचवे. सून ममता हिला माझ्या चार सोन्याच्या बांगड्या आणि बँकेत जे काही निघेल ते सर्व. कायदा मुलाला ओळखतो, मुलीला ओळखायला लागला. सून मात्र त्याला अजून नीट दिसत नाही. माझं पथ्य, माझी औषधं, माझा ताठा हे सगळं तिने नऊ वर्षं सांभाळलं. तिनेही तिच्या भावांना सही करून दिली आहे, हे मला माहीत आहे. तेव्हा मी तिची सासू असूनही गप्प बसले. तिला मी तिसरा प्रश्न विचारायला हवा होता. ममता, चुकलंच माझं.

कलम सहावे. माझं शाईचं पेन उत्पलाला. याच पेनाने रुपीबाईची दुरुस्ती लिहिली. नीब वाकडं करू नये. शिलाई मशीनही तिलाच. बॉबीन अडकतं, तेवढं धम्मरत्नने नीट करून द्यावं. दोन वर्षांपासून सांगते आहे.

कलम सातवे. अट. मैत्रेयीने आपला शेताचा किंवा घराचा हिस्सा धम्मरत्नच्या नावे सोडून दिला, तर तो हिस्सा धम्मरत्नला मिळणार नाही. तो उत्पलाच्या नावे होईल, कब्जेदार सदरी, आणि ती सज्ञान होईपर्यंत ममता तो सांभाळेल. अस्मा म्हणते, "मावशी, ही अट कोर्टात टिकेलच असं मी छातीठोक सांगत नाही." मी म्हटलं, टिको न टिको, वाचून तरी दाखवतील ना? सगळ्यांसमोर एकदा वाचली गेली तरी माझं काम झालं. अस्मा हसली आणि म्हणाली, "आमच्यातही मुलीचा हिस्सा नेमका लिहून ठेवलेला आहे, मावशी. पदरात किती जणींच्या पडतो ते मात्र विचारू नका."

कलम आठवे. माझ्या अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील, बाकी काही नको. अग्नी दोघांनी मिळून द्यावा. पुण्यानुमोदनाच्या जेवणाला वांग्याची भाजी, तेल बेताने. वाढायला पुरुषांनी उभं राहावं. मी आयुष्यभर बघितलं, बाया शेवटच्या पंगतीला बसतात आणि तोवर भाजी संपलेली असते.

इथपर्यंतचा मजकूर मी तीन दिवस घरी बसून लिहिला. पुढचं कलम घरी लिहिलेलं नाही. ते आज अस्माच्या ऑफिसात, साक्षीदारांसमोर लिहिते आहे, कारण ते आत्ताच घडलं.

आज सकाळी मी धम्मरत्न आणि मैत्रेयी दोघांनाही इथे बोलावलं. साक्षीदार म्हणून रुपीबाई दारव्ह्याहून एस.टी.ने आली. सगळे बसल्यावर मी धम्मरत्नला म्हटलं, "जा बाबा, चहा घेऊन ये सगळ्यांले."

त्याला कळलं. माझाच पोरगा तो. माझ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि उठून गेला. अस्मा कागद घेऊन बाहेर गेली. रुपीबाई काही उठेना. म्हणाली, "मी नाई जात. मले आईकू दे. माह्या वेळेस मले कोणी इचारलंच नाई."

मैत्रेयी म्हणाली, "आई, तू माझा चहा करून राह्यली का?"

"हाव."

"मी वकील आहे, आई."

"म्हणून पहिले दोन सोडून देते," मी म्हटलं. "तिसरा सांग. दादाले राग येणार नाही अशी खात्री दिली, तर सही करशील का?"

ती हसायला गेली. मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. टेबलावर अस्माचा पेपरवेट होता, तो तिने फिरवला, परत फिरवला. शेवटी म्हणाली, "नाही, आई. नाही करणार." आणि डोळे पुसत म्हणाली, "पण खात्री कोण देणार?"

इथे मला माझी दुसरी चूक कळली. रुपीबाईची नोंद ही पहिली. सतरा वर्षं मी बहिणींना प्रश्न विचारले. रडवलं त्यांना. भावांना मात्र नुसतं चहाला पाठवलं. ज्याच्या रागाला सगळ्या भ्यायच्या, त्याला मी एकदाही विचारलं नाही की बाबा, तुला खरंच राग येईल का, आणि किती.

धम्मरत्न किटली घेऊन आला. मी त्याला बसू दिलं नाही. दारातच विचारलं, "मैत्रेयीनं सही नाही केली तर तुले राग येईन का? खरं सांग."

तो किटली धरून उभा. मला वाटलं आता म्हणेल, नाही आई, कसला राग. तसं म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला नसता. तो म्हणाला, "येईन." मग बहिणीकडे पाहून, "चार दिवस येईन. पाचव्या दिवशी फोन करीन मी तुले. करावाच लागन. तुह्या वावराले पाणी माह्या विहिरीतून द्यायचं आहे ना?"

मैत्रेयी रडत रडत हसली. "अन् ते चार दिवस मी काय करू, दादा?"

रुपीबाई मध्येच म्हणाली, "तुह्या वावरात जाय."

धम्मरत्नने सगळ्यांना चहा ओतला. माझा पोरगा वाईट नाही. त्याला कोणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता मिळणारं कोण नाकारतो? अस्माने दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं; आत येऊन ती म्हणाली, "मावशी, मग ती सातव्या कलमातली अट काढून टाकायची का?" मी म्हटलं, नको, राहू दे. मी त्याची आई आहे, पण तलाठीही आहे.

तर आता शेवटचं कलम, आणि हेच मला सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

कलम नववे. माझ्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर मैत्रेयीचं नाव कब्जेदार सदरी लागल्यावर, धम्मरत्न यास चार दिवस रागावण्याची मुभा देण्यात येत आहे. मुदतवाढ मिळणार नाही. त्या चार दिवसांत मैत्रेयीने कोणाचीही समजूत काढू नये. जांभळी साडी नेसून मौजे मोहदरी, गट नंबर ११८, पश्चिम भाग येथे जावे आणि स्वतःच्या धुऱ्यावर बसून राहावे. पाचव्या दिवशी धम्मरत्नने फोन करावा. मैत्रेयीने तो उचलावा.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते बरोबर आहे. गाठ सुटली.

सही: मथुरा सुखदेव मुनेश्वर

साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना:

१. अ‍ॅड. अस्मा तनवीर शेख, यवतमाळ. सही.

२. रुपीबाई राठोड, तालुका दारव्हा, शेतकरी. डाव्या हाताचा अंगठा. (साक्षरता वर्गात तिला सही शिकवलेली आहे. पण ती म्हणते, माह्या भावानं माह्या सहीसाठीच मले त्या वर्गात घातलं होतं, तवापासून मी अंगठाच देतो. आज मात्र ठसा उमटल्यावर तिने पेन मागितलं आणि खाली सहीही केली. दोन्ही तिचंच समजावं.)

स्थळ: यवतमाळ
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२६, गुरुवार